बनियानवाल्याच्या सौजन्याने

सक्करदऱ्याच्या आमच्या चौकात अशी कितीतरी माणसं होती, की ज्यांनी जन्मात वर्तमानपत्र विकत घेतलं नव्हतं आणि जी जगाच्या राजकारणावर अधिकारवाणीने बोलत. हे पाप बाबाराव भोयरांचं. मनोहरराव लाखे यांच्या दुमजली घराची खालची भिंत चौकाकडे तोंड करून उभी होती. तिच्यावर बाबारावांनी एक लांबरुंद काळा फळा ठोकला होता. रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकून आणि दोन पेपर चाळून ते त्या फळ्यावर खडूने दिवसाच्या बातम्या लिहीत. अक्षर असं की शाळामास्तरांनी लाजावं. उजव्या कोपऱ्यात नळ किती वाजता येणार, खाली सोन्याचा भाव, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता कुठून निघणार.

वाचणं फुकट होतं. त्यामुळे वाचकांची कमतरता कधीच नव्हती. माणसं दात घासत येत, फळ्यासमोर उभी राहत, बातम्या वाचून संपवत, आणि जाताना भिंतीच्या पायथ्याशी चूळ टाकून जात. ही त्यांची वर्गणी.

बाबारावांचं पोट चालायचं ते फळ्याच्या कडेने आखलेल्या चौकोनांवर. एका चौकोनात एक जाहिरात, रंगीत खडूने. छत्रीवाला, चष्मेवाला, बँडवाला, शिकवणीवाला. बाबाराव मूळचे उमरेडकडचे. भाऊ गावी शेती करायचा आणि वर्षातून एकदा ज्वारी-तूर पाठवायचा. शेतीत पावसाचा भरवसा नाही म्हणून बाबाराव शहरात आले, आणि पावसापेक्षाही लहरी अशा दुकानदारांच्या भरवशावर राहू लागले.

कारण जाहिरातीचं पीक फार विचित्र. लग्नसराईत फळ्याच्या चारी कडा गच्च भरून जात. बँडवाले, मंडपवाले, भांडीवाले एकमेकांच्या डोक्यावर बसत. जूनमध्ये दप्तरं आणि शिकवण्या. दिवाळीत तर बातम्यांनाच जागा उरत नसे. एकदा दिल्लीतलं मंत्रिमंडळ फटाक्यांच्या दोन दुकानांच्या फटीत कसंबसं बसवावं लागलं होतं. निवडणूक आली तर मग काय, बाबारावांच्या घरी सावजी मटणाचा वास आठ-आठ दिवस हटायचा नाही. आणि मग पितृपक्ष यायचा, पौष यायचा, चारी कडा ओस पडायच्या, आणि चौकोनांत बाबाराव स्वतःच नक्षी काढून ठेवायचे, म्हणजे फळा विधवा दिसू नये.

शहाण्या माणसाने भरल्या महिन्यात थोडं बाजूला टाकून रिकामा महिना काढला असता. पण बाबाराव शहाणे नव्हते, ते सिद्धांतवादी होते. वर्षातला सगळ्यात उत्तम महिना हाच खरा महिना, बाकीचे अकरा अपघात, असा त्यांचा सिद्धांत होता. वैशाखात ते अख्ख्या चौकाला तर्री-पोहे खाऊ घालत. भिंतीवरचं घड्याळ ते दर उन्हाळ्यात घेत आणि दर पावसाळ्यात विकत, आणि दोन्ही वेळा त्याच दुकानात. दुकानदाराने पुढे पुढे त्या घड्याळाची पेटीही सांभाळून ठेवायला सुरुवात केली.

मंदीत दुकानदार पैशाऐवजी माल द्यायचे आणि बाबाराव तोही घ्यायचे. न्हाव्याने जाहिरातीच्या बदल्यात वर्षभर फुकट हजामत कबूल केली. बाबारावांच्या डोक्यावर तेव्हाही मोजके केस होते. पण सौदा वसूल करायचा म्हणून ते दर आठवड्याला जाऊन बसत. छत्रीवाल्याने ऑक्टोबरात छत्र्या दिल्या. बँडवाल्याने तर घरी येऊन वाजवून देण्याची तयारी दाखवली.

"घरी कोणाचं लगन आहे का जी?" बाबारावांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी विचारलं होतं. "का तुम्हीच दुसरं करून राहिले?"

घर खरं चालायचं ते सुभद्राबाईंच्या मूगवड्यांवर आणि पापडांवर. बाबाराव जगाच्या बातम्या लिहीत तेव्हा त्या गच्चीवर वाळवण घालत, आणि गिऱ्हाइकाकडून पैसे रोख घेत. पापडाच्या बदल्यात छत्री त्यांनी कधी घेतली नाही.

चौऱ्याहत्तर साली अधिक भाद्रपद आला. पोळा झाला, मारबतीची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर गणपतीऐवजी एक अख्खा जादाचा महिना मध्ये येऊन बसला. अधिक महिन्यात लग्न नाही, मुहूर्त नाही, नवीन खरेदी नाही. पंचांगवाल्यांनी चंद्रासूर्याचा हिशेब जुळवला, पण बाबारावांचा पार मोडला. फळ्याच्या चारी कडांना नक्षीच नक्षी. इतकी सुंदर नक्षी चौकाने कधी पाहिली नव्हती आणि तिचं कौतुकही पुष्कळ झालं. फुकट गोष्टीचं कौतुक करण्यात आमचा चौक कधीच मागे नव्हता.

त्याच महिन्यात भिंतीचे मालक मनोहरराव खाली उतरले. मनोहरराव म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, पण निवृत्तीची बातमी अजून चेहऱ्यापर्यंत न पोचलेला माणूस. समोरच्याने अर्ज आणला आहे आणि त्यात तिकीट लावायचं राहिलं आहे, अशाच नजरेने ते सगळ्यांकडे पाहत.

"बाबाराव, एक दंतमंजनवाला आला होता गा माह्याकडे," ते म्हणाले. "भिंत रंगवतो म्हणते. दर महिन्याच्या एक तारखेला भाडं. बारा महिने. अधिक महिन्यातही."

"पण मनोहरराव, इतक्या वर्षांचा फळा..."

"वर्षं मले मोजून दाखवू नका. तुम्ही भाडं देता ते जाहिराती असल्या तर. लोक काय हंगाम पाहून दात घासतात का? दात रोजच घासतात. म्हणून तो बाराही महिने पैसे देते. तेवढंच तुम्ही द्या, एक तारखेला द्या, भिंत तुमची. नाही तर दिवाळीआधी फळा उतरवा."

बाबारावांनी आयुष्यात पहिल्यांदा सिद्धांत बाजूला ठेवून हिशेब केला. दर महिन्याला न चुकता पैसे देणारा एक जाहिरातदार पाहिजे होता. लग्न असो नसो, पौष असो नसो. असा माणूस त्यांनी अख्ख्या सक्करदऱ्यात शोधला. सगळ्यांनी चहा पाजला आणि दिवाळीनंतर यायला सांगितलं. शेवटी सायकल मारत ते थेट जरीपटक्यात ओमप्रकाश होजिअरीवाल्याकडे पोचले.

ओमप्रकाश बनियान विकायचा. माणूस गोड, जाड, आणि समोरच्याच्या अंगावरचं बनियान कोणत्या मापाचं आहे हे शर्टाबाहेरून ओळखणारा.

"साल भर का देता हूँ, बाबारावजी," तो म्हणाला. "हर महिन्याले. लेकिन मले चौकोन नाही पाहिजे."

"मग काय पाहिजे?"

"मी आलो होतो एकदा तुमच्या चौकात. अर्धा घंटा उभा राहून पाहिलं. आदमी येतो, सबसे पहले कहाँ देखता है? बातमी? नाही. सोना? नाही. वो पहले देखता है कौन मरा. बूढ़ा, जवान, औरत, सब. वही कोना दे दो."

"ओमप्रकाशजी, तो कोपरा निधनाचा आहे. त्याच्यात जाहिरात घेत नाही मी. पैसेही घेत नाही त्याचे."

"तो मत लो ना मरनेवाले से! मेरे से लो. जो भी मरेगा, उसके नीचे छोटासा लिखना, सौजन्य: ओमप्रकाश होजिअरी. बस. लेकिन एक भी मौत बनियान के बिना गई, तो सौदा खत्म."

बाबाराव परत आले ते मान खाली घालून. फळ्यावरचं बाकी सगळं त्यांनी कधी ना कधी विकलं होतं. पावसाच्या अंदाजाशेजारी छत्री बसवली होती, सोन्याच्या भावाशेजारी सोनार. पण डाव्या कोपऱ्यात कोणाला पाय ठेवू दिला नव्हता. तिथे गाडीवाला मेला तरी तेवढंच अक्षर आणि जमीनदार मेला तरी तेवढंच. गाडीवाल्याच्याही अंत्ययात्रेला चार माणसं जास्त जात, ती ह्या कोपऱ्यामुळे. अख्ख्या माणसात एवढी एकच जागा सरळ होती, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच आलं.

"काय करू वं?" त्यांनी सुभद्राबाईंना विचारलं.

"मले काहून विचारता? मी कधी विचारलं का तुम्हाले, पापडात मिरं किती टाकू?"

"भिंत जाते."

"जाते तर. पण हे सांगते, की इतके वर्षं तुमचा तो सोवळा कोपरा माह्या मूगवड्यांवर उभा आहे. आता बनियानवर उभा करायचा तर करा. माझी वडी तरी वाचेल."

बाबारावांनी सौदा केला. दोनच दिवसांनी शेजारच्या आळीतले एक म्हातारे सुतार वारले, आणि चौकाने वाचलं: 'रामाजी ढोमणे यांचे निधन. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून. सौजन्य: ओमप्रकाश होजिअरी, जरीपटका. अंगात बसणारे बनियान.'

मग आमच्या चौकाची नीतिमत्ता जागी झाली. ती वर्षातून एखाद्याच वेळी जागी होत असे, पण झाली की फार आवाज करायची. फळ्यासमोर गर्दी जमली.

"काहून गा बाबाराव? माणूस मेला त्याचे सौजन्य बनियानवाला?"

"लाज नाही राहिली!"

"उद्या आमच्या बापाले काय पायजमा लावता?"

सगळ्यात मोठा आवाज नत्थूजींचा. हे नत्थूजी म्हणजे फळ्याचे सगळ्यात जुने वाचक. ह्यांनी शुद्धलेखनाच्या चुका काढून काढून बाबारावांचे कितीतरी खडू झिजवले होते.

बाबाराव स्टुलावरून उतरले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मलेही नाही आवडून राहिलं. असं करू. तुम्ही सगळे रोज वाचता. महिन्याले थोडे थोडे टाका. भिंतीचं भाडं निघालं की बनियान पुसून टाकतो. नत्थूजी, तुमच्यापासून सुरू करू?"

आणि काय आश्चर्य! नत्थूजींना घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली. दुसऱ्याला बँकेत जायचं होतं, रविवार असून. तिसरा म्हणाला, तसं पाहिलं तर लहान अक्षरातच लिहिलं आहे, वाईट दिसत नाही. पाहता पाहता चौक रिकामा झाला, आणि नीतिमत्ता पुन्हा आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सगळे हजर. दात घासत.

पण बाबारावांच्या नशिबी स्थिर उत्पन्न नव्हतंच. ओमप्रकाश पंधरवड्याने आला आणि चौकात उभा राहून कमरेवर हात ठेवून फळा पाहू लागला.

"क्या बात है बाबारावजी, कोई मर ही नहीं रहा?"

"अधिक महिना आहे ना जी," बाबाराव ओशाळून म्हणाले.

"मैं महीने का पैसा देता हूँ, कोना खाली पड़ा है! मेरा नुकसान है कि नहीं?"

म्हणजे इथेही हंगाम आलाच. मरणही लग्नासारखंच, कधी लाट, कधी कडकी. मग बाबाराव आजारी माणसांची चौकशी करत फिरू लागले. माणूस मूळचा मायाळू, पूर्वीही विचारायचा; पण आता त्यांनी "काय म्हणते तब्येत?" असं विचारलं की विचारलेला माणूस उठून बसायचा. एका घरी तर त्यांना पाहून आजीबाईंनी अंथरूण सोडलं आणि भाकरी थापायला घेतली. त्या महिन्यात सक्करदऱ्याची प्रकृती जितकी सुधारली, तितकी मोठमोठ्या डॉक्टरांनाही सुधारता आली नसती.

मनोहररावांची आई, पंचफुलाबाई, मात्र बाबारावांना कधी भ्यायल्या नाहीत. फार म्हाताऱ्या. फळ्याच्या बरोबर वर गॅलरीत बसून असत. वाचता येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. बाबाराव लिहायला लागले की वरून आवाज यायचा, "आज कोण गेलं गा बाबाराव?" बाबाराव नाव सांगत. मग म्हातारी त्या माणसाबद्दल एखादं बरं वाक्य बोलायची. बरं सांगण्यासारखं काही नसलंच तर म्हणायची, "चालायचा मात्र ताठ." चौकात मेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल एक चांगलं वाक्य बोलणारी ती एकटीच होती. बाकीचे अंत्ययात्रा किती वाजता एवढंच वाचत, कारण त्यावर जेवण आधी की नंतर हे ठरायचं.

गणपती उठल्यावर एका पहाटे पंचफुलाबाई गेल्या.

बाबाराव खडूची पेटी घेऊन आले तेव्हा मनोहरराव दारात उभे होते. डोळे लाल, उपरणं खांद्यावर.

"बाबाराव, आई गेली गा."

बाबाराव ओट्यावर बसलेच. मग उठून फळा पुसू लागले.

"नीट लिहा," मनोहरराव म्हणाले. "मोठं लिहा. अन् ते बनियान नको. माझ्या आईच्या खाली बनियान नको."

"नाही लिहिलं तर ओमप्रकाश सौदा मोडते, मनोहरराव."

"मोडू द्या!"

"मग एक तारखेचं भाडं?"

मनोहररावांनी उपरण्याने डोळे पुसले. "भाडं वेगळं, आई वेगळी," ते म्हणाले.

असं वाक्य बोलायला उभी हयात सरकारी खुर्चीत घालवावी लागते. दुसरा कोणी असता तर त्यांच्या हातात खडूची पेटी देऊन चालता झाला असता. बाबाराव स्टुलावर चढले. त्यांनी पंचफुलाबाईंचं नाव लिहिलं, गाडीवाल्याचं लिहीत तेवढ्याच अक्षरात, तितकंच नीट. अंत्ययात्रा अकरा वाजता राहत्या घरून. खाली ओळभर जागा उरली. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि खडू पेटीत टाकला. बनियान नव्हतं. मोठं अक्षरही नव्हतं.

माणसं लोटली. म्हातारी ज्यांच्या मेलेल्या नातेवाइकांबद्दल गॅलरीतून एकेक बरं वाक्य बोलली होती ते सगळे आले. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मनोहरराव तिरडीच्या पुढे चालताना हळूच मागे वळून गर्दी पाहत होते. असा मान त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता, निरोप समारंभातसुद्धा नाही.

ओमप्रकाशला बातमी कळायला वेळ लागला नाही. त्याने निरोप पाठवला: सौदा खत्म. रागही नव्हता त्यात. व्यवहार.

तेरवी आटोपल्यावर मनोहरराव खाली उतरले. चेहऱ्यावर उदार भाव होते. हा भाव त्यांना नवीन होता आणि नीट बसतही नव्हता.

"बाबाराव, मी विचार केला. भाडं माफ. वर्षभर."

बाबारावांनी स्टूल धरलं.

"फक्त एकच. आईचं नाव त्या कोपऱ्यात राहू द्या. रोज. वर्षभर. खाली लिहा, मातृभक्त मनोहरराव लाखे. लोक अजून बोलून राहिले ना गा, काय गर्दी होती म्हणून!"

"रोज?"

"रोज. तुमचं काय जाते? खडू माझा."

बाबारावांना आता फक्त मान हलवायची होती. पौष आला तरी चिंता नाही, पितृपक्ष आला तरी नाही. घड्याळ भिंतीवर कायमचं राहिलं असतं. आयुष्यभर ज्या स्थिर महिन्याची वाट पाहिली तो समोर धोतर नेसून उभा होता. आणि ह्या माणसाने, ज्याने छत्र्यांच्या मोबदल्यात जाहिराती लिहिल्या, ज्याने मरणाखाली बनियान लिहिलं, त्याने नेमका तोच क्षण शहाणं न होण्यासाठी निवडला.

"नाही जमणार, मनोहरराव."

"काहून?"

"तुमची आई त्या दिवशी गेली. त्या दिवशी तिची जागा होती. आज तिथे तेल्याच्या घरचं माणूस गेलं आहे. त्याले कुठे लिहू?"

"खाली लिहा त्याले!"

"खाली कोणाले लिहिलं नाही मी अजून. तुमची आई वरून विचारायची ना, आज कोण गेलं. आज विचारायची. काल गेलं त्याचं कधी नाही विचारलं तिनं."

मनोहरराव वर गेले. एक तारखेला दंतमंजनवाल्याचा रंगारी आला.

बाबारावांनी फळा उतरवला. एवढा मोठा फळा त्यांच्या बोळात शिरेना, म्हणून सुताराकडून तो मधोमध कापून घेतला आणि डावा अर्धा तेवढा आणला. उजव्या अर्ध्याचं सुभद्राबाईंनी वाळवण घालायला फळकूट केलं. फळा लावायची जागा त्यांनी स्वतः दाखवली, दाराच्या बाजूला, पापडांना ऊन लागेल इतकं अंतर सोडून. आणि त्या दिवशी जेवणात मटण होतं, भर मंदीत, हे मला माहीत आहे कारण मी जेवायला होतो.

बोळात जाहिरात कोण देणार? कोणीच दिली नाही. बाबारावांचं जाहिरातीचं उत्पन्न अखेर एकदाचं स्थिर झालं. दर महिन्याला शून्य, बारा महिने, अधिक महिन्यातही. ते जरीपटक्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. अक्षर होतंच. पाटीचे पैसे रोख, हे सुभद्राबाईंनी आधीच बजावलं होतं. सकाळी मात्र अर्ध्या फळ्यावर दोन बातम्या आणि कोण गेलं ते लिहून मगच सायकल काढायचे.

चौकातल्या भिंतीवर आता प्रचंड पांढरेशुभ्र दात हसत होते. काही दिवस माणसं सवयीने तिथे जाऊन उभी राहिली आणि दातांकडे पाहत दात घासून परत गेली. मग दोन-तीन अंत्ययात्रा चुकल्या, एक तर नत्थूजींच्या व्याह्याची, आणि लोक हळूहळू बोळात यायला लागले. बोळ अरुंद आहे, चिखल आहे, ऊन डोळ्यांवर येतं, अशा तक्रारी करत आले. फुकट वाचणाऱ्याला सोयी फार लागतात.

एका सकाळी मनोहररावही आले. बोळाच्या तोंडाशी उभं राहून मान उंच केली, डोळे बारीक केले.

"बाबाराव, जरा मोठं लिहीत जा गा," त्यांनी तिथूनच हाक दिली. "काहीच दिसून नाही राहिलं. कोण गेलं?"

"जवळ येऊन वाचा ना," बाबाराव म्हणाले.

मनोहरराव पुढे सरकले, तेवढ्यात सुभद्राबाई शेणाचे हात घेऊन दारात आल्या.

"चपला काढा, मनोहरराव. आत्ताच सारवलं मी."

मनोहररावांनी इकडे तिकडे पाहिलं. मग वाकले, चपला काढल्या, आणि त्या हातात धरून, ओल्या सारवणावर पाऊल जपून ठेवत, फळ्याजवळ जाऊन नाव वाचू लागले.